लिहायचं टोक

माझ्या मुलाचा प्रोग्राम चालत नव्हता, आणि खरं म्हणजे मला त्याचा आनंद व्हायला हवा होता.

निमिष कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत इंजिनिअर. कॉन्ट्रॅक्टवर, आणि कॉन्ट्रॅक्ट ऑक्टोबरात संपणार होतं. आम्ही, म्हणजे मी आणि माझा नवरा राजीव, मेलबर्नच्या कडेला पॉइंट कुकला. मध्ये जवळजवळ अख्खा देश, आणि त्या वर्षी, दोन हजार एकवीसला, देशाच्या मध्ये एक बंद बॉर्डर. त्याच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने आमच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं, आणि मेलबर्नचा तर सहावा लॉकडाउन चाललेला. घरापासून पाच किलोमीटर, त्यापुढे पाऊल टाकायचं नाही. पोराला वर्षाहून जास्त झालं, डोळ्यांनी पाहिला नव्हता. स्क्रीनवर दिसायचा, पण स्क्रीनवर काय, बातम्या देणारासुद्धा दिसतो.

त्या खाणीत कोविडमुळे नवा नियम आला होता. एका क्रूची माणसं दुसऱ्या क्रूत मिसळू द्यायची नाहीत. ही माणसं त्या बसमध्ये नकोत, ती माणसं या वेळेला जेवायला नकोत, अमक्याकडे स्फोटकांचं लायसन्स आहे म्हणून तो रात्रपाळीला हवाच. हे सगळं सांभाळून पाळ्यांचं रोस्टर लावता लावता तिथल्या ऑफिसातली बाई रडकुंडीला यायची. निमिष म्हणाला, मी प्रोग्राम लिहितो. त्याची मॅनेजर म्हणाली, सोमवारी चालवून दाखव, चालला तर तुला पर्मनंट करते. नाही चालला तर ऑक्टोबरात रामराम, आणि बॉर्डर उघडली की पोरगा बॅग घेऊन घरी.

मला तो घरी हवा होता. हे आधीच सांगून टाकते, उगाच मागाहून कोणी मला थोर म्हणायला नको.

आणि हा प्रोग्राम त्याने लिहिला कशात, तर प्रोलॉगमध्ये. आता प्रोलॉग कोण लिहितं हो? पुण्याला एम.एस्सी. करताना आम्ही लिहायचो. बाकीच्या भाषांत मशीनला हात धरून न्यावं लागतं, आधी हे कर, मग ते कर. प्रोलॉगमध्ये तुम्ही फक्त नियम मांडायचे आणि प्रश्न विचारायचा. हे दोघे एका बसमध्ये नकोत, हा रात्रीच हवा, सांग बघू मग कोण कुठे बसेल? वाट ते स्वतः शोधतं. आमचे सर म्हणायचे, उद्याचं जग यावर चालणार. जग काही त्यावर चाललं नाही. मी आता एका सुपर फंडात, म्हणजे इथल्या पेन्शनच्या कंपनीत, दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढते. राजीव म्हणतो, स्वभावाला शोभेल अशी नोकरी मिळालीय हिला.

पण निमिष शाळेत असताना मी त्याला आमच्या घरातली नाती प्रोलॉगमध्ये मांडून दाखवली होती. कोण कोणाची आत्या, कोण कोणाचा साडू. तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते बसलं असणार.

गुरुवारी त्याचा फोन आला. स्क्रीन शेअर केली, आणि पहिलं वाक्य, "आई, आय अॅम सो डन विथ धिस."

"जेवलास का?"

"आई. कोड बघ ना आधी."

मी बघितलं. रचना झकास होती, माझा मुलगा म्हणून नाही सांगत. एक मोठा प्रोसेस, त्याला म्हणायचं पेरेंट. सगळ्या माणसांची, सगळ्या नियमांची माहिती त्याच्यापाशी. तो एकेका क्रूसाठी एकेक चाइल्ड प्रोसेस काढतो, म्हणजे सगळ्या क्रूंचं काम एकाच वेळी सुरू. पेरेंट आणि चाइल्डच्या मध्ये एक पाइप. पाइपला दोन टोकं, एक लिहायचं, एक वाचायचं. पेरेंटने माहिती लिहायची, लिहून झाली की आपलं टोक बंद करायचं. चाइल्डने वाचत राहायचं, आणि समोरचं संपलं असं कळलं की कामाला लागायचं. रोस्टर तयार झालं की दुसऱ्या पाइपने परत. पुढची मागची सगळी माणसं माहीत झाल्याशिवाय चाइल्ड काम सुरू करूच शकत नाही, कारण शेवटच्या ओळीत एखादा असा निघायचा की पहिल्या दहा जणांची बस बदलावी लागेल.

"आता बघ," निमिष म्हणाला आणि त्याने एंटर मारलं.

काही नाही. एरर नाही, तक्रार नाही. कर्सर लुकलुकत राहिला. एरर आली असती तर बरं होतं, भांडायला कोणीतरी मिळतं. हे नुसतं गप्प.

"माहिती चाइल्डपर्यंत पोचते का पण?" मी विचारलं.

"पोचते. मी प्रिंट टाकून बघितलं. एव्हरी सिंगल लाइन. शेवटचीसुद्धा."

"मग?"

"मग तो अजून वाचायला थांबतो."

"अजून आहे कुठे?"

"नाहीच आहे. दॅट्स द थिंग."

"पेरेंट आपलं टोक बंद करतो की विसरलास?"

"करतो गं. ही ओळ बघ. क्लोज. मी दहा वेळा बघितलीये."

मीही बघितली. बंद करत होता. चाइल्ड वाचायला थांबलेला, पेरेंट उत्तराला थांबलेला, दोघं एकमेकांसमोर ढिम्म बसलेले. शेवटची ओळ पोचली, बोलणाऱ्याने फोन ठेवला, आणि ऐकणारा अजून कान लावून बसलाय. कोणाचं ऐकतोय तो? मला इतकी गंमत वाटली की निमिषचं तोंड पडलंय हे बराच वेळ माझ्या लक्षातच आलं नाही.

"मला पाठव तो कोड," मी म्हटलं.

"राहू दे आई. तुला काम असतं."

"पाठव म्हटलं ना."

त्याने पाठवला. मी जुना लॅपटॉप काढला, त्यावर प्रोलॉग घातलं, आणि जेवणाच्या टेबलावरच मुक्काम ठोकला. शुक्रवारी सुपर फंडाच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी हेच करत होते. कमी माणसं देऊन बघितलं, जास्त देऊन बघितलं. एकच माणूस पाठवला आणि चाइल्डला सांगितलं, एकच ओळ वाच आणि उत्तर दे, तर पठ्ठ्या ताबडतोब उत्तर देतो. 'संपेपर्यंत वाच' म्हटलं की बसला मख्खासारखा. म्हणजे वाचता येतंय, उत्तर देता येतंय, फक्त संपलं हे कळत नाहीये. का कळत नाहीये?

राजीव हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर आहे. शिफ्टवरून आला, अंघोळ करून मास्कचे वळ चोळत माझ्यामागे उभा राहिला.

"तुला तो घरी हवाय ना?" तो म्हणाला.

"हो."

"मग हे कशाला सोडवत्येस?"

"सोडवत नाहीये. नुसतं बघतेय."

"बरं," राजीव म्हणाला आणि चहा करायला गेला. हा माणूस भांडत नाही, हीच त्याच्याशी संसार करण्यातली मोठी अडचण आहे.

शनिवारी केळवण होतं. माझी मावसबहीण अंजू सिडनीला असते, टूनगॅबीला. तिच्या मुलीचं, ईशानीचं लग्न ठरलेलं. सिडनीतही लॉकडाउन, त्यामुळे लग्न कसं होणार याचा पत्ता नव्हता, पण केळवण मी सोडणार होते थोडीच. माझी एकुलती एक भाची. टूनगॅबीत एक ताई घरून जेवण करून देतात, त्यांना सांगून मी अंजूच्या दारात सगळं पोचवलं. मसालेभात, अळूवडी, पुरणपोळी, कटाची आमटी. अंजूने ईशानीच्या ताटाभोवती रांगोळी काढायची, आणि बाकीच्यांनी आपापल्या घरी ताटं घेऊन झूमवर बसायचं. मीटिंग ईशानीने काढलेली, पण केळवण माझं, यजमानीण मी. संध्याकाळी पाचची वेळ धरली, म्हणजे इथे जरा लवकरचं रात्रीचं जेवण आणि पुण्याच्या मुरलीधरकाकांचं दुपारचं.

मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात, कारण पोळ्या गरम करायच्या होत्या. राजीव बाहेरच्या खोलीत सोफ्यावर, टॅब घेऊन. त्याने वर कुडता घातला होता आणि खाली ट्रॅक पँट. दुसरी पुरणपोळी घेताना त्याने कॅमेरा बंद केला, तिसरी कोणाला दिसू नये म्हणून.

जेवण झालं, उखाणा झाला, ईशानी लाजली, तिला जमत नाही तरी लाजली बिचारी. मग सुरू झालं आपलं निघणं. आपल्याकडे कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात, आणि म्हणून झाल्यावर आणखी अर्धा तास दारात उभे राहतात. झूमवर दारही नाही. चला येतो. हो, या. बरं मग. हं. अंजू, आहेर पोचला का? पोचला गं. बरं येतो मग. मी तीनदा निरोप घेतला, ईशानीला आशीर्वाद दिला, लॅपटॉपवर मीटिंग सोडली आणि भांडी घासायला घेतली.

बरीचशी भांडी झाली असतील, बाहेरून राजीवची हाक आली.

"अगं नीला, पुरे की आता. सगळे ताटकळलेत."

"कशासाठी?"

"तुझ्यासाठी. तू उठल्याशिवाय कोण उठणार? केळवण तुझं."

"मी केव्हाच उठले."

"कुठे उठलीस? हे काय, दिसतंय ना तुझं नाव."

हात पुसत बाहेर आले. टॅबवर सगळे बसलेले. अंजूच्या चेहऱ्यावरचं हसू आता दुखायला लागलं असावं. ईशानी खाली बघून फोनमध्ये. मुरलीधरकाकांची वामकुक्षीची वेळ टळून गेलेली, मान छातीवर, पण शिस्तीचा माणूस, यजमानीण बसलेली असताना उठायचं कसं? आणि कोपऱ्यात एक काळा चौकोन, कॅमेरा बंद, आवाज बंद. त्यावर लिहिलेलं, नीला.

आमच्या घरातली सगळी यंत्रं मी लावते. टॅबही मीच लावला होता, माझ्या नावाने.

"राजीव," मी म्हटलं, "ती नीला तुझ्या हातात आहे."

त्याने टॅबकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा टॅबकडे.

"म्हणजे मी इतका वेळ तुझी वाट बघतोय..."

"आणि मला धरून ठेवलंयस तूच."

तो हसायला लागला. त्याने आवाज सुरू करून सगळ्यांना "येतो बरं का" म्हटलं आणि मीटिंग सोडली. अंजूचा लगेच मेसेज, तू गेलीस आणि धडाधड सगळे उठले, काका तर नमस्कारसुद्धा न करता.

मी तो मेसेज नंतर वाचला. कारण मी ओल्या फडक्यासकट जेवणाच्या टेबलाकडे धावले होते.

चाइल्ड प्रोसेस कसा तयार होतो? पेरेंटची नक्कल होऊन. जशीच्या तशी. पेरेंटच्या हातात त्या क्षणी जे जे असेल ते सगळं चाइल्डच्याही हातात येतं. पेरेंटच्या हातात काय होतं? पाइप. पाइपची दोन्ही टोकं. म्हणजे चाइल्डकडेही दोन्ही टोकं, वाचायचं आणि लिहायचंही. पेरेंट आपलं लिहायचं टोक इमानदारीत बंद करतो, पण त्याच टोकाची नक्कल चाइल्डच्या हातात उघडीच. आणि मशीनचा नियम साधा आहे, जोवर कोणाच्याही हातात लिहायचं टोक उघडं आहे तोवर बोलणं संपलं असं जाहीर करायचं नाही, न जाणो कोणी अजून काही लिहील. चाइल्ड वाट बघत होता ती कोणाची? स्वतःचीच. आणि त्याला काही लिहायचंच नव्हतं.

मी चाइल्डच्या कामाच्या सुरुवातीला एक ओळ घातली, लिहायचं टोक बंद कर. एंटर मारलं. रोस्टर असं समोर येऊन पडलं, बसचे नंबर, जेवणाच्या वेळा, लायसन्सवाला रात्रपाळीला, सगळं.

"सापडलं, राजीव, सापडलं," मी ओरडले. असा आनंद मला सुपर फंडाने इतक्या वर्षांत दिलेला नाही.

राजीव आला, वाकून बघितलं, त्याला त्यातलं काही कळत नाही तरी पूर्ण खालपर्यंत बघितलं. मग म्हणाला, "परवा सोमवार आहे."

आणि माझा आनंद तिथल्या तिथे गोठला.

मी खुर्चीवर बसले. "न सांगितलं तर?" मी म्हटलं. "कोणाला कळणारे? मला सापडलं नाही, असं होऊच शकतं की. तीस वर्षांनी प्रोलॉग लिहितेय मी."

"होऊ शकतं," राजीव म्हणाला.

"तू काहीतरी बोल ना."

"काय बोलू? मलाही तो इथे हवाय. पण मला चूक सापडलेली नाही, तुला सापडलीय."

मी तोंडाला मास्क लावला आणि चालायला बाहेर पडले. अंधार पडला होता. खाडीवरून गार वारा येत होता, सगळी माणसं एकमेकांपासून अंग चोरून चाललेली. मी मनात निमिषला घरी आणून बसवलं. त्याच्या खोलीत त्याचं टेबल, सकाळी उशिरा उठणं, माझं ओरडणं. छान चाललं होतं सगळं. पण तो टेबलाशी बसलेला मला दिसायला लागला तो त्याच तोंडाने, गुरुवारी स्क्रीनवर होतं त्याच. एका ओळीपायी हरून आलेला. आणि ती ओळ माझ्या लॅपटॉपमध्ये. मला तो हवा होता हो, पण असा नको होता. असा आला असता तर मला त्याच्या डोळ्याला डोळा देता आला नसता.

रविवारी सकाळी मी फोन केला. कालगुर्ली आमच्या मागे दोन तास, त्यामुळे तो नुकताच उठलेला, केस उभे, मागच्या खिडकीत लाल माती आणि एक पांढरी यूट गाडी.

"चूक सापडली," मी म्हटलं. नमनाला घडाभर तेल मला घालता येत नाही. "चाइल्डकडे लिहायच्या टोकाची नक्कल राहिलीय. काम सुरू करायच्या आधी ते बंद करायला लाव."

मग त्याने कपाळावर हात मारून घेतला. "ओह, कम ऑन. अर्थातच."

"घाल ओळ आणि चालव."

त्याने घातली. मी त्याच्या चष्म्यात स्क्रीन बघत होते. ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या.

"चाललं," तो म्हणाला.

आणि पुढे काहीच नाही. हसला नाही, मूठ उंचावली नाही. लहानपणी गणित सुटलं की हा घरभर पळायचा. आता खुर्चीत मागे टेकला, आणि टेकूनच राहिला.

"अरे चाललं ना?"

"हो. थँक्स आई." मग जरा वेळाने, "तुला कधी सापडलं?"

"काल संध्याकाळी."

"काल? मग काल का नाही फोन केलास?"

"भांडी होती," मी म्हटलं. मग माझाच मला राग आला. "तू सांग. तू काय केलंस दोन दिवस? दहा वेळा बघणारा मुलगा तू."

त्याने चष्मा काढला. "मी उघडलंच नाही. गुरुवारनंतर."

"का?"

"नाही चाललं असतं तर मला काही ठरवायला लागलं नसतं, म्हणून." तो खाली बघत बोलत होता. "ऑक्टोबर झाला, बॉर्डर उघडली, मी घरी. सिंपल. कोणाचाच चॉइस नाही."

मी इकडे काळजावर दगड ठेवून त्याची नोकरी त्याच्या हातात दिली, आणि ती त्याला नकोच होती की काय? मग कशाला केलं मी हे?

"म्हणजे तुला घरी यायचंय?" मी विचारलं.

"आय डोंट नो, आई. खरंच. मी ठरवायला बसलो ना, की डोक्यात तुझं चालू होतं. आई म्हणेल तिथे एकटा काय करतोस. मग आई म्हणेल, पर्मनंट सोडून आलास, वेडा आहेस का. तू दोन्हीतलं काहीच कधी म्हणालेली नाहीस. ते सगळं मीच म्हणत असतो, तुझ्या आवाजात. संपतच नाही ते. मग मी लॅपटॉप बंद करतो आणि सॉकर बघतो."

"मी कधीच काही म्हटलं नाही तुला?"

"तू 'जेवलास का' म्हणतेस."

हे खरं होतं. मी, जी पोस्टमनलाही मत ऐकवते, मी या एका बाबतीत वर्षभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. मुलावर ओझं नको म्हणून. शहाणपणा केला असं वाटत होतं मला.

"मग आता ऐक," मी म्हटलं. "मध्ये बोलू नकोस."

"ओके."

"मला तू इथे हवा आहेस. पॉइंट कुकलाच असं नाही, पण रविवारी गाडी काढून जेवायला येशील इतक्या अंतरावर. मला कालगुर्ली आवडत नाही. का ते विचारू नकोस, मी ते पाहिलेलंसुद्धा नाही. तू एकटा मेसमध्ये जेवतोस हे मला सहन होत नाही. तुझे बाबा शिफ्टला गेले की मी तुझे जुने व्हॉइस मेसेज लावते, त्यात तू फक्त दूध आणू का विचारलेलं असतं. काल चूक सापडली तेव्हा मला वाटलं, नाही सांगायची. थोडा वेळ अगदी ठरवलंच होतं मी. मग सांगितली, कारण तू हरून आलेला मला नको होतास. पर्मनंट सोडून आलास तर मी तुला वेडा म्हणणार नाही. तिथे राहिलास तर मी रडेन, बाथरूममध्ये जाऊन, आणि मग बाहेर येऊन स्वयंपाक करेन. मरणार नाही मी त्याने. हे असं आहे."

तो डोळ्याला बोट लावत होता. मीही काही कोरडी नव्हते.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"अजून काही नाही?"

"नाही. एवढंच होतं माझ्याकडे."

तो बराच वेळ गप्प होता. पण मघासारखा गप्प नव्हता. मला कळत होतं, आत काहीतरी चाललंय, माणसं इकडून तिकडे बसवली जातायत. बाहेरच्या खोलीत राजीवने पेपर खाली ठेवला होता, तेही मला कळलं.

"आई," निमिष म्हणाला, "मला राहायचंय."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? पोटातलं सगळं काढून पोरापुढे मांडलं, आणि हा म्हणतो राहायचंय. जिभेवर ओळीच्या ओळी येऊन उभ्या राहिल्या. अजून एकदा विचार कर. बाबांशी बोल. घाई काय आहे? मॅनेजरला म्हणावं एक आठवडा दे. इथेही खाणवाल्यांची ऑफिसं आहेत, कॉलिन्स स्ट्रीटवर ढिगाने आहेत.

निमिष स्क्रीनमधून माझ्याकडे बघत होता. आता आई काय म्हणते, याची वाट बघत होता. लहानपणापासून बघत आलाय.

मी ओठ मिटून घेतले आणि काहीच म्हटलं नाही. तो थांबला, आणखी जरासा थांबला, आणि मग त्याने चष्मा लावला, कीबोर्ड पुढे ओढला आणि कामाला लागला.